पतसंस्थेतील संगणकांची घड्याळे इंटरनेटवरून कशी जुळवावीत?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार.

आमच्या पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात एक सर्व्हर, काउंटरवरचे आणि आतले मिळून अठरा संगणक, बोटाच्या ठशाचे हजेरी यंत्र आणि सीसीटीव्हीचा डीव्हीआर (चित्रण साठवणारे यंत्र) आहे. यांपैकी कोणत्याही दोहोंच्या घड्याळात सहसा एकच वेळ नसते. सर्व्हर खऱ्या वेळेच्या सुमारे तीन मिनिटे पुढे आहे, तर काउंटरवरचे काही संगणक थोडे मागे आणि काही थोडे पुढे आहेत. त्यामुळे ग्राहकाच्या पावतीवर अकरा वाजून दोन मिनिटे ही वेळ छापली जाते, त्याच व्यवहाराची सर्व्हरवरील नोंद अकरा वाजून पाच मिनिटांची असते, आणि त्या वेळचे चित्रण शोधायचे झाल्यास डीव्हीआरमध्ये तिसरीच वेळ धरावी लागते. लेखापरीक्षकांनी या विसंगतीबद्दल यंदा लेखी शेरा दिला आहे.

सर्व संगणक विंडोजवर, साध्या वर्कग्रुपमध्ये आहेत, म्हणजे सर्वांचे नियंत्रण एका सर्व्हरकडे असण्याची व्यवस्था (डोमेन) नाही. वेळ इंटरनेटवरून आपोआप घेण्याची सोय प्रत्येक ठिकाणी चालू केलेली दिसते, तरीही हा फरक राहतो. याशिवाय दोन संगणकांची तऱ्हा निराळी आहे. एका जुन्या संगणकात रात्री वीज गेली की सकाळी कित्येक वर्षांपूर्वीची तारीख येते आणि ब्राउझर कोणतेही सुरक्षित संकेतस्थळ उघडू देत नाही. दुसऱ्यात विंडोज आणि लिनक्स अशा दोन्ही प्रणाली आहेत. लिनक्स वापरून झाल्यावर विंडोज सुरू केले की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे गेलेले असते.

माझे प्रश्न असे आहेत. वेळ कोणत्या सर्व्हरवरून घ्यावी, दिल्लीच्या की परदेशी? आमची इंटरनेट जोडणी फारशी वेगवान नाही, त्याचा वेळेच्या अचूकतेवर परिणाम होतो का? आणि सर्व्हरचे घड्याळ तीन मिनिटे मागे आणताना लेखा सॉफ्टवेअरमधील नोंदींना धोका पोहोचणार नाही, यासाठी काय करावे?

घटिकापात्र

नमस्कार, कृष्णाकाठ.

आपण वर्णन केलेल्या अडचणी वरवर सारख्या दिसत असल्या तरी त्या तीन वेगवेगळ्या आहेत, आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय उपाय लागू पडणार नाही. पहिली अडचण घड्याळ हळूहळू सरकण्याची, दुसरी सेल संपल्याची आणि तिसरी प्रमाणवेळेच्या हिशेबाची आहे.

संगणक चालू असताना त्याची वेळ क्वार्ट्झ स्फटिकाच्या कंपनांवरून मोजली जाते. साध्या स्फटिकात दहा लाखांत वीस भागांची चूक सहज असते, म्हणजे दिवसाला सुमारे १.७ सेकंद. तापमान बदलले की ही चूकही बदलते, आणि काही मदरबोर्डवर ती दहा लाखांत पन्नासपर्यंत जाते, म्हणजे दिवसाला चार सेकंदांहून थोडी अधिक. या दराने तीन मिनिटांचा फरक पडण्यास सहा आठवडे लागतात. यावरून माझा निष्कर्ष असा की आपल्या सर्व्हरला बऱ्याच काळात वेळेचे एकही उत्तर मिळालेले नाही. सोय चालू असणे आणि ती यशस्वी होणे यांत फार अंतर आहे, आणि विंडोज हे अपयश ठळकपणे दाखवत नाही. ‘डब्ल्यू३२टीएम’ या आदेशाने विंडोज टाइम सेवेची स्थिती विचारल्यास वेळ शेवटची केव्हा आणि कोठून जुळली, हे दिसते. स्रोत म्हणून ‘लोकल सीमॉस क्लॉक’, म्हणजे संगणकाचे स्वतःचेच घड्याळ, असे उत्तर आले तर संगणक बाहेरून काहीच घेत नाही, असे समजावे. विंडोजच्या जुन्या आवृत्त्या मुळातच आठवड्यातून एकदा वेळ विचारत असत. ती एक विचारणा फसली की पुढचा काळ संगणक स्वतःच्या स्फटिकावरच चालतो.

न जुळण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे राउटर किंवा फायरवॉल. इंटरनेटवरील वेळेची देवाणघेवाण एनटीपी या प्रोटोकॉलने (ठरलेल्या संवादपद्धतीने), यूडीपीच्या १२३ क्रमांकाच्या पोर्टवरून, म्हणजे त्यासाठी नेमलेल्या क्रमांकाच्या वाटेने होते. २०१३-१४ मध्ये एनटीपी सर्व्हरचा गैरवापर करून मोठे हल्ले झाले आणि त्यानंतर अनेक सेवा पुरवठादारांनी आणि कार्यालयांनी या पोर्टवर निर्बंध घातले. त्यामुळे बाहेर जाणारी विचारणा आणि तिचे उत्तर ही दोन्ही आपल्या राउटरमधून जाऊ दिली जातात का, हे सर्वप्रथम तपासावे.

आता वेगाच्या प्रश्नाकडे वळतो, कारण एनटीपीची खरी कुशलता तेथेच आहे. डेव्हिड मिल्स यांनी अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठात अनेक दशके या प्रोटोकॉलवर काम केले. त्याचे पहिले विनिर्देश १९८५ मध्ये आले आणि सध्याची चौथी आवृत्ती २०१० मध्ये प्रमाणित झाली. या पद्धतीत सर्व्हर केवळ ‘आता अमुक वाजले’ असे सांगत नाही. एका फेरीत चार वेळा नोंदल्या जातात: आपल्या संगणकाने विचारणा पाठवली ती, सर्व्हरला ती मिळाली ती, सर्व्हरने उत्तर पाठवले ती आणि आपल्याला ते मिळाले ती. पहिली आणि चौथी वेळ आपल्या घड्याळाची, तर दुसरी आणि तिसरी सर्व्हरच्या घड्याळाची असते.

समजा, आपले घड्याळ नेमके दोन सेकंद मागे आहे आणि जाण्यास व येण्यास प्रत्येकी ३० मिलिसेकंद लागतात. आपण शून्य सेकंदाला विचारले. सर्व्हरला ते त्याच्या घड्याळाने २.०३० ला मिळाले, त्याने २.०३१ ला उत्तर धाडले. ते आपल्याकडे आपल्या घड्याळाने ०.०६१ ला पोहोचले. दुसऱ्या वेळेतून पहिली वजा केल्यास २.०३० येतात आणि तिसऱ्यातून चौथी वजा केल्यास १.९७० येतात, दोहोंची सरासरी नेमकी २.००० सेकंद, म्हणजेच घड्याळातील खरा फरक. प्रवासाला लागलेला वेळ या हिशेबात आपोआप गळून पडतो. म्हणून जोडणी सावकाश आहे एवढ्यावरून वेळ चुकत नाही.

हा हिशेब जाण्याचा आणि येण्याचा वेळ समान आहे, या गृहीतावर उभा आहे. घाट चढताना गाडीला लागणारा वेळ उतरताना लागत नाही, तसे जोडणीतही होते. विशेषतः अपलोडचा वेग डाउनलोडपेक्षा बराच कमी असेल आणि त्याच वेळी कोणी मोठी फाइल बाहेर पाठवत असेल तर. अशा वेळी वेळेत चूक येते, पण ती फेरीच्या एकूण विलंबाच्या निम्म्याहून अधिक कधीच होऊ शकत नाही. फेरीला ६० मिलिसेकंद लागत असतील तर सर्वांत वाईट परिस्थितीत चूक ३० मिलिसेकंदांची. परदेशी सर्व्हरच्या फेरीला २०० मिलिसेकंद लागले तरी चुकीची मर्यादा सेकंदाचा दहावा भाग. पावत्या आणि नोंदी यांसाठी ही अचूकता गरजेपेक्षा कितीतरी अधिक आहे. तरीही जवळचा सर्व्हर घ्यावा, कारण ही मर्यादा तेथे आपोआपच लहान होते.

माझ्या मते आपल्या कार्यालयात सर्वांत महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. खरी वेळ हवीच, परंतु लेखापरीक्षकांचा शेरा ज्या विसंगतीवर आहे ती सर्व यंत्रे एकमेकांशी जुळण्याने दूर होईल. म्हणून अठरा संगणकांनी स्वतंत्रपणे इंटरनेटकडे वेळ मागू नये. एकाच यंत्राने बाहेरून वेळ घ्यावी आणि इतर सर्वांनी, अगदी हजेरी यंत्र आणि डीव्हीआर यांनीही, त्या एकाच यंत्राला विचारावे. इंटरनेट दिवसभर बंद पडले तरी सर्व घड्याळे मिळून एकसारखीच सरकतील आणि नोंदींचा परस्परक्रम बिघडणार नाही.

जुन्या संगणकाबाबत: मदरबोर्डवरील सीआर२०३२ हा बटणाएवढा सेल बदलावा. तो क्षीण झाल्याने वीज जाताच तारीख पुसली जाते. सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला आरंभाची आणि समाप्तीची तारीख असते. आपल्या संगणकाच्या मते आज ती आरंभाची तारीखच उगवलेली नसल्यामुळे ब्राउझर ते नाकारतो. इंटरनेटवरून ही चूक का सुधारली जात नाही, असे आपल्याला वाटले असेल. डोमेनमध्ये नसलेल्या विंडोज संगणकावर फरक १५ तासांहून अधिक असल्यास वेळ सेवा ती दुरुस्ती मुद्दामच नाकारते, कारण एवढा मोठा फरक म्हणजे सर्व्हरच चुकीचा असण्याची शक्यता ती धरते. तेव्हा सेल बदलून तारीख व वेळ एकदा हाताने साधारण बरोबर लावावी. पुढचे काम ती सेवा करील.

तारायंत्र

वरील विवेचन उत्तम आहे. मी फक्त साडेपाच तासांच्या प्रश्नाचे उत्तर देतो.

मदरबोर्डवरील घड्याळाला प्रमाणवेळेची माहिती नसते. ते फक्त एक आकडा सांभाळते. विंडोज तो आकडा स्थानिक वेळ म्हणून वाचते, तर लिनक्स तो समन्वित जागतिक वेळ, म्हणजे यूटीसी, म्हणून वाचते. भारतीय प्रमाणवेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे. लिनक्सने वेळ जुळवून घड्याळात यूटीसी लिहिली, की पुढच्या वेळी विंडोज तीच स्थानिक समजून साडेपाच तास मागची वेळ दाखवते. घड्याळ बिघडलेले नाही. दोन प्रणालींत एकवाक्यता नाही, इतकेच.

‘टाइमडेटसीटीएल’ या आदेशाने लिनक्सलाही मदरबोर्डचे घड्याळ स्थानिक वेळेत ठेवण्यास सांगता येते. भारतात उन्हाळी वेळेसाठी घड्याळे मागेपुढे होत नाहीत, त्यामुळे या मार्गातील एक मोठा धोका आपल्याला नाही. तरी लिनक्स स्वतः या मांडणीबद्दल सावधगिरीची सूचना देते. दुसरा मार्ग म्हणजे विंडोजच्या रजिस्ट्रीत (अंतर्गत मांडणीच्या नोंदवहीत) ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’ ही नोंद घालून विंडोजला यूटीसी वाचायला लावणे. मला दुसरा मार्ग अधिक पटतो. कोणताही एकच निवडावा. दोन्ही एकदम केल्यास फरक उलट दिशेने दिसू लागेल.

सह्याद्री_नेटवर्क

सर्व्हर कोणता निवडावा, यावर लिहितो.

भारतीय प्रमाणवेळ राखण्याची जबाबदारी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे आहे. तेथील सीझियम घड्याळे आणि हायड्रोजन मेसर या आण्विक घड्याळांवरून ती ठरते आणि प्रयोगशाळेचा एनटीपी सर्व्हर ती इंटरनेटवर देतो. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचेही ‘समय’ नावाचे सर्व्हर आहेत. सर्ट-इन या संगणक सुरक्षेसाठीच्या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, निगमित संस्था आणि शासकीय संस्था यांनी आपल्या प्रणालींची घड्याळे या दोन संस्थांच्या सर्व्हरशी, किंवा ज्यांची वेळ मुळात त्यांच्याकडूनच आल्याचे दाखवता येते अशा सर्व्हरशी जुळवावीत, असे आहे. त्याच निर्देशांत संगणक प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवण्यासही सांगितले आहे. आपल्या पतसंस्थेपुरते हे निर्देश कसे लागू होतात, ते लेखापरीक्षकांकडून लेखी घ्यावे. माझा आग्रह मात्र असा राहील की आर्थिक संस्थेने तसे बंधन नसले तरी देशाच्या प्रमाणवेळेशीच जुळवून घ्यावे, कारण वाद उभा राहिला तर आपली वेळ कोठून आली याचे उत्तर एका वाक्यात देता आले पाहिजे.

म्हणून सर्वत्र प्रयोगशाळेचा एकच पत्ता घालावा आणि विषय संपवावा, असे मला वाटते.

घटिकापात्र

प्रमाणवेळेबद्दल आपल्याशी पूर्ण सहमत आहे. एकाच पत्त्यावर विसंबण्याशी मात्र सहमत होता येत नाही. स्रोत एकच असेल आणि तो चुकीची वेळ देऊ लागला, तर चूक ओळखण्याचे कोणतेही साधन उरत नाही. दोन असतील आणि त्यांच्यात मतभेद झाला, तर खरा कोण हे ठरवता येत नाही. तीन असल्यास बहुमताने एक खोटा बाजूला काढता येतो, आणि चार असल्यास त्यांतील एखादा बंद पडला तरी ही सोय शाबूत राहते. म्हणून मी चार सुचवीन: भौतिक प्रयोगशाळेचा एक, सूचना विज्ञान केंद्राचे दोन, आणि एनटीपी पूल प्रकल्पाच्या भारत विभागातील एक. हा पूल २००३ पासून चालू आहे. जगभरातील स्वयंसेवकांनी उपलब्ध करून दिलेले सर्व्हर त्यात एकाच नावाखाली आळीपाळीने मिळतात.

बाहेरच्या सर्व्हरना अकारण वारंवार विचारू नये, हेही सांगणे मला आवश्यक वाटते. २००३ मध्ये नेटगिअरच्या काही राउटरमध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या वेळ सर्व्हरचा पत्ता कायमचा कोरलेला होता, आणि उत्तर न मिळाल्यास ते दर सेकंदाला पुन्हा विचारत होते. त्या विद्यापीठाच्या जाळ्यावर त्याचा प्रचंड भार पडला. एनटीपीचा सुजाण क्लायंट, म्हणजे वेळ विचारणारा संगणक, सुरुवातीला ६४ सेकंदांनी विचारतो आणि घड्याळ स्थिरावले की हे अंतर १०२४ सेकंदांपर्यंत वाढवतो. कार्यालयातील एकाच यंत्राने बाहेर विचारण्याचा हाही एक लाभ आहे.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे तपासले असता सर्व्हरवर स्रोत म्हणून ‘लोकल सीमॉस क्लॉक’ हेच दिसले, आणि राउटरमध्ये बाहेर जाणारी १२३ पोर्टची वाहतूक बंद ठेवलेली आढळली. ती सुरू करण्यास नेटवर्क सांभाळणाऱ्यांना सांगितले आहे. जुन्या संगणकाचा सेलही बदलला.

आता दोन गोष्टी राहतात. वेळ वाटणारे यंत्र म्हणून मुख्य सर्व्हरच वापरावा की कपाटातला एक जुना संगणक लिनक्स घालून त्यासाठी ठेवावा? आणि घड्याळ मागे नेण्याबाबत मार्गदर्शन हवे आहे. आमच्या एका सहकाऱ्यांचे म्हणणे असे की यूएसबीवर चालणारा जीपीएस रिसीव्हर घेतल्यास इंटरनेटची गरजच उरणार नाही.

सह्याद्री_नेटवर्क

चार स्रोतांचा मुद्दा मान्य आहे.

जीपीएसबद्दल: उपग्रहांवर आण्विक घड्याळे असतात हे खरे, आणि ज्या रिसीव्हरमधून दर सेकंदाला एक विद्युत स्पंद स्वतंत्र तारेने बाहेर मिळतो, त्याच्या आधारे मायक्रोसेकंदांची अचूकता साधते. साध्या यूएसबी रिसीव्हरमध्ये तो स्पंद नसतो; वेळ मजकुराच्या रूपाने येते आणि ती पोहोचण्यास लागणारा वेळ दर खेपेस बदलतो, त्यामुळे चूक कित्येक मिलिसेकंदांपासून काही वेळा सेकंदाच्या दशांशांपर्यंत जाते. शिवाय अँटेनाला मोकळे आकाश दिसले पाहिजे. ज्या जाळ्याला इंटरनेट द्यायचेच नाही, तेथे हा खर्च योग्य ठरतो. आपल्याकडे इंटरनेट आहे. त्यामुळे तो करू नये.

घटिकापात्र

जुना संगणक लिनक्स घालून वेगळा ठेवावा, असे माझे मत आहे. लेखा सॉफ्टवेअरचा सर्व्हर अद्ययावत करताना किंवा पुन्हा सुरू करताना वेळेची सेवा बंद पडू नये, आणि वेळेच्या मांडणीत बदल करताना सर्व्हरला हात लावावा लागू नये. या कामाला फार थोडी शक्ती लागते. मात्र त्याचा सेल आधी बदलून घ्यावा आणि त्याला यूपीएसवर जोडावे.

त्यावर ‘क्रोनी’ हे एनटीपीने वेळ घेणारे आणि देणारे सॉफ्टवेअर बसवावे. त्याच्या मांडणीच्या फाइलमध्ये चार स्रोत लिहावेत. ‘मेकस्टेप’ या ओळीत एक सेकंद आणि तीन वेळा असे आकडे द्यावेत, म्हणजे सुरू झाल्यावरच्या पहिल्या तीन दुरुस्त्यांपुरतीच घड्याळाला उडी मारण्याची मुभा राहील आणि त्यानंतर ते केवळ हळूहळू सरकवले जाईल. ‘अलाउ’ या ओळीत कार्यालयातील जाळ्याचा पत्ता द्यावा, नाहीतर इतर संगणकांना उत्तरच मिळणार नाही. आणि ‘लोकल स्ट्रेटम १०’ ही ओळ घालावी. ही शेवटची ओळ विशेष महत्त्वाची आहे. एनटीपीत आण्विक घड्याळाला शून्य स्तर, त्याला थेट जोडलेल्या सर्व्हरला पहिला, त्याला विचारणाऱ्याला दुसरा, असे स्तर पंधरापर्यंत मोजतात, आणि सोळा म्हणजे वेळ न जुळलेला. इंटरनेट तुटल्यावर हे यंत्र बाहेरच्या जगाच्या दृष्टीने न जुळलेलेच ठरते. परंतु ही ओळ असल्यास ते दहाव्या स्तरावरून कार्यालयाला वेळ देत राहते.

काम नीट चालले आहे का, हे ‘क्रोनीसी सोर्सेस’ या आदेशाने पाहावे. निवडलेल्या स्रोतापुढे तारा दिसतो, जोडीला धरलेल्यांपुढे अधिकचे चिन्ह, आणि खोटा ठरवलेल्यापुढे रोमन लिपीतील एक्स. ‘रीच’ या रकान्यात ३७७ हा आकडा असल्यास मागच्या आठही विचारणांना उत्तर मिळाले असे समजावे. हा आकडा अष्टमान पद्धतीचा आहे. तो ३७७ वर टिकत नसेल तर राउटरकडे पुन्हा पाहावे लागेल. इतर सर्व विंडोज संगणकांवर ‘डब्ल्यू३२टीएम’ने फक्त या एका यंत्राचा पत्ता द्यावा, विंडोज टाइम सेवा आपोआप सुरू होईल अशी ठेवावी, आणि विचारण्याचे अंतर एका तासावर आणावे.

आता सर्व्हरचे घड्याळ मागे नेण्याविषयी. तीन मिनिटे मागे उडी मारली, की ती तीन मिनिटे संगणकाच्या दृष्टीने दुसऱ्यांदा येतात. त्या काळात व्यवहार चालू असतील तर नंतरच्या नोंदीवर आधीची वेळ पडते. क्रम वेळेवरून लावणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी उलटसुलट दिसू शकतात. घड्याळ न उडवता संथपणे सरकवणे हा आदर्श मार्ग असला तरी त्याला मर्यादा आहे. एनटीपीच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये सरकवण्याचा कमाल दर दहा लाखांत ५०० आहे. त्या दराने एक सेकंद सुधारण्यास ३३ मिनिटे आणि तीन मिनिटे सुधारण्यास चार दिवसांहून अधिक लागतील, आणि तेवढे दिवस विसंगती चालूच राहील. त्यापेक्षा शनिवारी दिवसअखेर पूर्ण करावी, बॅकअप घ्यावा, लेखा सॉफ्टवेअर आणि डेटाबेसच्या सेवा बंद कराव्यात, मग वेळ एकदाच जुळवावी आणि घड्याळाने जुनी शेवटची नोंद ओलांडल्यानंतरच, म्हणजे पाच-दहा मिनिटांनी, सेवा पुन्हा सुरू कराव्यात. बदल केव्हा केला, आधी फरक किती होता आणि नंतर किती राहिला, याची नोंद दोन सह्यांनिशी दप्तरी ठेवावी. जुन्या पावत्यांवरील वेळा का जुळत नाहीत, याचा लेखापरीक्षकांसाठी तोच पुरावा होईल.

तारायंत्र

एक छोटी भर. सर्व्हर आभासी यंत्र म्हणून, म्हणजे दुसऱ्या (यजमान) संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला, चालत असेल तर आभासीकरणाचे सॉफ्टवेअरही यजमान संगणकाची वेळ आत ढकलत असते. दोघे एकाच घड्याळाला दोन दिशांनी ओढू लागले की वेळ सतत मागेपुढे होते. अशा वेळी त्यांतील एकच सोय चालू ठेवावी.

कृष्णाकाठ

आमचा सर्व्हर आभासी नाही, प्रत्यक्ष यंत्रावरच चालतो. जुन्या संगणकावर लिनक्स आणि क्रोनी बसवले. चारही स्रोत दिसू लागले आहेत आणि ‘रीच’ ३७७ वर टिकून आहे. काउंटरवरचे संगणक त्याच्याशी जोडले. सर्व्हरचे काम व्यवस्थापकांच्या लेखी परवानगीने येत्या शनिवारी दिवसअखेरीनंतर करणार आहोत. डीव्हीआरमध्ये एनटीपीचा पर्याय सापडला, पण तेथे प्रमाणवेळ निवडण्याच्या यादीत दुसऱ्याच देशाची वेळ निवडलेली आहे. ती बदलल्यास जुने चित्रण पुसले जाईल का?

सह्याद्री_नेटवर्क

केवळ प्रमाणवेळ बदलल्याने चित्रण सहसा पुसले जात नाही, परंतु घड्याळ मागे गेल्यास काही डीव्हीआर त्याच वेळेच्या जुन्या चित्रणावर नवे लिहितात. म्हणून बदलाआधी आवश्यक चित्रण बाहेर काढून ठेवावे. नंतर यादीतून यूटीसी अधिक ५:३० निवडावे, उन्हाळी वेळेचा पर्याय बंद असल्याची खात्री करावी आणि एनटीपीच्या जागी आपल्या क्रोनी यंत्राचा पत्ता घालावा. हजेरी यंत्रात एनटीपीची सोय नसेल तर त्याचे सॉफ्टवेअर ज्या संगणकावर आहे त्याची वेळ ते घेते. तो संगणक जुळलेला असला की पुरे.